बग्गीची साखळी : शक्ती चाकापर्यंत पोहोचते कशी



या व्याख्यानमालेत साहित्य, इतिहास आणि समाजकारण या विषयांवर विद्वानांनी आजवर पुष्कळ सांगितले आहे. त्या पंक्तीत एका लोखंडी साखळीला जागा मिळावी, हे काहींना नवल वाटेल. परंतु ज्या गुरुवर्यांच्या स्मृतीला ही माला वाहिली आहे, त्यांनी विज्ञान शिकवले ते वस्तू हातात देऊन. तेव्हा आज एक वस्तू घेऊन तिचाच विचार करावा, असे मी ठरवले आहे.

बग्गी म्हटले की आपल्या इंदूरच्या मंडळींना घोड्यांची बग्गी आठवते. मी बोलणार आहे ती बग्गी निराळी. पोलादी नळ्यांचा सांगाडा, एका माणसाची बैठक, पाठीमागे लहानसे इंजिन आणि खाचखळग्यांतून, चिखलातून, चढणीवरून चालण्याजोगी चार मोठी चाके, असे तिचे रूप असते. अभियांत्रिकीचे विद्यार्थी अशी वाहने स्वतः आखतात, स्वतः जोडतात आणि स्पर्धेत चालवतात. अमेरिकेत दक्षिण कॅरोलायना विद्यापीठात १९७६ मध्ये या स्पर्धेचा आरंभ झाला. भारतात एसएई इंडिया या अभियंत्यांच्या संस्थेने २००७ मध्ये तिची पहिली फेरी भरवली, ती आपल्या शेजारच्या पिथमपूरला. त्यानंतर देशभरातल्या महाविद्यालयांतली मुले आपापल्या गाड्या ट्रकवर चढवून पिथमपूरला येऊ लागली. त्यांत आपल्या शाळेतून शिकून गेलेल्या मुलांसारखीच मुले असतात, आणि सांगाड्याच्या आत बसणारा चालकही त्यांच्यातलाच एक असतो.

या गाडीत इंजिनाची शक्ती चाकांपर्यंत नेण्याचे काम पुष्कळदा साखळीकडे येते. साखळी तुटली की दुकानातून दुसरी आणून बसवतात, तीही तुटते, आणि मग साखळीच वाईट निघाली असा निकाल दिला जातो. मला आज मांडायचे आहे ते याच्या उलट. साखळी तुटते तेव्हा दोष बहुधा साखळीचा नसतो. तिच्यावर किती ताण येणार याचा हिशेब न केलेला असतो, किंवा ज्या आधारांवर ती फिरते ते आधार वाकलेले असतात.

साखळीची कुळकथा

कड्यांची साखळी चक्राच्या दात्यांवरून फिरवण्याची कल्पना जुनी आहे. लिओनार्दो दा विंचीच्या वह्यांत अशा साखळ्यांची रेखाटने आढळतात. परंतु आज आपण वापरतो ती साखळी एकोणिसाव्या शतकातली. इंग्लंडमध्ये जेम्स स्लेटर याने १८६४ मध्ये एका साखळीचे पेटंट घेतले. तिच्यात खिळीवर फिरणारे रोलर होते. स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेला हान्स रेनॉल्ड मँचेस्टरला येऊन स्थायिक झाला, त्याने स्लेटरचा कारखाना विकत घेतला आणि १८८० मध्ये त्या साखळीत एक लहानशी भर घातली. खिळी आणि रोलर यांच्यामध्ये त्याने एक पोकळ नळी, म्हणजे बुश, बसवला.

ही भर लहान दिसते, पण तिचे मर्म मोठे आहे. पूर्वी खिळीची झीज पट्टीच्या जाडीएवढ्या अरुंद जागेवर एकवटत असे. बुश आल्यावर खिळी त्याच्या पूर्ण लांबीवर टेकू लागली. तोच भार मोठ्या जागेवर पसरला आणि झीज मंदावली. पुढच्या काही वर्षांत साखळीवर चालणारी सायकल सर्वत्र पसरली. १९०३ मध्ये राइट बंधूंचे विमान उडाले, तेव्हा त्याच्या इंजिनाची शक्ती दोन्ही पंख्यांपर्यंत नेणाऱ्या होत्या त्याही साखळ्याच. मराठी माणसाच्या उद्योगाशीही या साखळीचे नाते आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या उद्योगाचा आरंभ १८८८ मधल्या बेळगावच्या सायकलींच्या दुकानापासून मोजतात. लोखंडी नांगर पुढे आला.

घरातली सायकल उलटी करून पाहिली, तर साखळीचे पाचही अवयव दिसतात : आतल्या पट्ट्या, बाहेरच्या पट्ट्या, खिळ्या, बुश आणि रोलर. लागोपाठच्या दोन खिळ्यांच्या मध्यांतील अंतराला पिच म्हणतात. ते बहुधा इंचाच्या अष्टमांशांत मोजतात. मोटारसायकलच्या साखळीवर ४२८ हा आकडा असेल, तर पहिल्या चारचा अर्थ चार अष्टमांश, म्हणजे अर्धा इंच. ५२० असेल, तर पाच अष्टमांश, म्हणजे १५.८७५ मिलिमीटर.

आधी चढण, मग साखळी

साखळी निवडताना दुकानात जाऊन चालत नाही, आधी चढणीवर जावे लागते. गाडीकडून जास्तीत जास्त काय हवे आहे, तिथून हिशेब मागे यावा लागतो.

समजा, चालकासह गाडीचे वजन २५० किलो आहे आणि तिने ३० अंशांची चढण चढावी अशी आपली अपेक्षा आहे. ३० अंशांची ज्या म्हणजे अर्धा, हे आपण शाळेतच शिकलो. तेव्हा चढणीवर गाडीला मागे खेचणारे बल तिच्या वजनाच्या निम्मे, म्हणजे सुमारे १,२३० न्यूटन. मऊ मातीत चाक रुतते, त्या विरोधाचे आणखी सुमारे १७० न्यूटन धरू. एकूण १,४०० न्यूटन झाले. चाकाची त्रिज्या २८ सेंटिमीटर धरली, तर चाक फिरवण्यासाठी लागणारा पीळ, ज्याला यंत्रशास्त्रात आघूर्ण म्हणतात, तो सुमारे ४०० न्यूटन-मीटर येतो.

आता इंजिनाकडे पाहू. या स्पर्धांत अनेक वर्षे सर्व संघांना ३०५ घनसेंटिमीटरचे, सुमारे १० अश्वशक्तीचे एकाच बनावटीचे इंजिन वापरावे लागे. त्याचा कमाल पीळ सुमारे १९ न्यूटन-मीटर. हवेत ४००, आणि हाती आहेत १९. ही तफावत भरून काढायची ती वेग कमी करून. वेग तिसऱ्या हिश्श्यावर आणला की, घर्षणाचा खर्च सोडला तर, पीळ तिप्पट होतो. शक्ती मात्र वाढत नाही. कोणतेही चक्र शक्ती निर्माण करीत नाही, ते फक्त वेग देऊन पीळ विकत घेते.

आपण हे काम तीन टप्प्यांत वाटून देऊ. पहिला टप्पा पट्ट्यावर चालणाऱ्या, आपोआप गुणोत्तर बदलणाऱ्या सीव्हीटीचा. विना-गिअर स्कूटरमध्ये असते तीच ही योजना. पिथमपूरच्या कारखान्यात पूर्वी तयार होणारी कायनेटिक होंडा ज्यांनी चालवली आहे, त्यांना तिचा अनुभव आहे. गाडी सुटताना सीव्हीटी सुमारे तिप्पट पीळ देते. दुसरा टप्पा तेलाच्या बंद पेटीतल्या दंतचक्रांचा, त्याचेही गुणोत्तर तीन. तिसरा टप्पा साखळीचा, तोही तीन. तीन गुणिले तीन गुणिले तीन, सत्तावीस. १९ ला २७ ने गुणले की ५१३ येतात. वाटेत, विशेषतः पट्ट्यात, पाव भागाच्या आतबाहेर खर्च झाला, तरी चाकाशी ४०० न्यूटन-मीटर पोहोचतात.

दंतचक्रे आधी आणि साखळी शेवटी, हा क्रम मुद्दाम ठेवला आहे. गाडी वेगात असताना सीव्हीटीच्या पुढचा शाफ्ट मिनिटाला सुमारे ४,८०० फेरे घेऊ शकतो. उघड्या साखळीला इतका वेग मानवत नाही. दंतचक्रांनी तो १,६०० वर आणल्यावर साखळी सेकंदाला साडेपाच मीटर या सुखाच्या गतीने चालते. जेथे वेग अधिक तेथे तेलातली दंतचक्रे, जेथे वेग थोडा पण ओढ मोठी तेथे साखळी, अशी ही कामाची वाटणी आहे.

तेरा आणि एकोणचाळीस

साखळीच्या टप्प्यात लहान चक्राला १३ आणि मोठ्याला ३९ दाते ठेवू. लहान चक्राचे दाते आणखी कमी केले तर मोठे चक्रही लहान होईल आणि वजन वाचेल, असे मुलांना वाटते. पण साखळी चक्रावर बसते ती वर्तुळाने नव्हे, बहुभुजाच्या बाजूंनी. त्यामुळे चक्र एकसारखे फिरले, तरी साखळीची गती प्रत्येक दात्यागणिक किंचित कमीजास्त होते. १७ दात्यांना हा फरक १.७ टक्के असतो, १३ दात्यांना २.९ टक्के आणि ९ दात्यांना तब्बल ६ टक्के. प्रत्येक दात्याला बसणारा हा हिसका खिळ्या-बुशांना झिजवतो. ताण वाढतो तो वेगळाच, कारण चक्र लहान झाले की तोच पीळ देण्यासाठी साखळीला अधिक जोराने ओढावे लागते. तेरा ही आपल्या कामापुरती खालची मर्यादा समजावी.

आता ताण पाहू. पाच अष्टमांश इंच पिचच्या ३९ दात्यांच्या चक्राचा व्यास १९७ मिलिमीटर येतो. त्याच्या त्रिज्येने ४०० न्यूटन-मीटरना भागले की साखळीतला ताण सुमारे ४,०५० न्यूटन मिळतो. हा आकडा डोळ्यांसमोर आणायचा, तर साखळीला चारशे किलोहून थोडे अधिक वजन टांगले आहे अशी कल्पना करावी. अर्धा इंच पिच घेतला तर चक्र लहान होते आणि ताण ५,०७० न्यूटनांवर जातो.

प्रमाणित अर्धा इंची ०८बी साखळीचे तुटण्याचे बल १७,८०० न्यूटन असते. ताणाच्या जेमतेम साडेतीनपट. पाच अष्टमांशी १०बी साखळीचे २२,२०० न्यूटन, म्हणजे साडेपाचपट. पाऊण इंची १२बी साखळीचे २८,९०० न्यूटन. तिचे चक्र मोठे असल्याने ताण सुमारे ३,३८० न्यूटनच राहतो, आणि गुणोत्तर साडेआठपट येते. साडेतीनपट बळ पुरेसे नाही का, असे कोणी विचारील. ताण शांतपणे आला असता तर पुरले असते. बग्गी मात्र उंचवट्यावरून उडते, हवेत मोकळी चाके वेगाने फिरतात, आणि जमिनीला टेकताच क्षणात अडतात. फिरणाऱ्या सर्व भागांचा साठलेला वेग त्या क्षणी साखळीवर आदळतो. शिवाय साखळी एका धक्क्याने तुटतेच असे नाही. हजारो धक्क्यांनी तिच्या पट्ट्यांना सूक्ष्म चिरा पडतात आणि ती एखाद्या साध्या चढणीवर तुटते. म्हणून आठपटींच्या आसपास राहणे शहाणपणाचे.

मग पाऊण इंची साखळीच घ्यावी का? तिचे मोठे चक्र २३७ मिलिमीटर व्यासाचे होते, ते खाली दगडांना लागण्याची भीती असते, आणि साखळीचे मीटरमागे वजनही वाढते. येथे मोटारसायकलची ५२० साखळी उपयोगी पडते. तिचा पिच तोच पाच अष्टमांश इंच, पण अवजड कामासाठी केलेल्या प्रकारांत पट्ट्या अधिक जाड आणि पोलाद अधिक सबळ असते. ४,०५० ची आठपट, म्हणजे ३२,००० न्यूटनांहून अधिक बल कारखानदाराच्या छापील तक्त्यात दिसले, तर ती घ्यावी. एक खबरदारी मात्र हवी. पिच सारखा असला, तरी ५२० आणि १०बी यांची आतली रुंदी सारखी नसते. एकीचे चक्र दुसरीला चालत नाही.

साखळीची लांबीही हिशेबानेच ठरते. दोन शाफ्टांत ३५० मिलिमीटर अंतर ठेवायचे मनात धरले, तर ७०.९ कड्या लागतात. कड्यांची संख्या सम हवी, कारण विषम संख्येला जोडणारी वाकडी अर्धी कडी इतर कड्यांहून कमजोर असते. तेव्हा ७० किंवा ७२. आपण ७० निवडू. ७२ आणि ३९ या दोन्ही संख्यांना तीनने भाग जातो. त्यामुळे मोठ्या चक्राचा प्रत्येक दाता पुन्हा पुन्हा त्याच चोवीस कड्यांना भेटत राहील, आणि एक कडी बिघडली की तेच ठरावीक दाते झिजतील. ७० ला १३ शी किंवा ३९ शी सामाईक अवयव नाही. प्रत्येक दाता क्रमाने प्रत्येक कडीला भेटतो आणि झीज सर्वांत वाटली जाते. पाचवी-सहावीत शिकलेला महत्तम साधारण विभाजक असा चिखलातल्या गाडीत कामी येतो. ७० कड्यांसाठी शाफ्टांतले अंतर ३४३ मिलिमीटर ठेवावे लागते.

वाकतो तो आधार

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. साखळीत ४,०५० न्यूटनांचा ताण येतो, तेव्हा तो केवळ साखळीत राहत नाही. तो दोन्ही शाफ्टांना एकमेकांकडे ओढतो, शाफ्ट बेअरिंगांना ओढतात आणि बेअरिंगे सांगाड्याला. चारशे किलोंची ही ओढ पातळ पत्र्याच्या पट्टीवर दिली, तर पट्टी वाकते. ती दोन्ही बाजूंनी सारखी वाकत नाही. एक बाजू अधिक वाकते, शाफ्ट तिरपा होतो, चक्रे एका पातळीत राहत नाहीत, आणि साखळी दात्यांच्या कडेवर चढू पाहते. कार्यशाळेत गाडी उभी असताना सर्व काही सरळ दिसते. तिरपेपणा येतो तो फक्त चढणीवर, जेव्हा पाहायला कोणी नसते.

याला तीन उपाय आहेत. पहिला, दंतपेटी आणि मागचा शाफ्ट हे दोन्ही एकाच दोन जाड पत्र्यांमध्ये बसवावेत. एक आधार सांगाड्याच्या एका नळीवर आणि दुसरा भलत्याच नळीवर दिला, तर सांगाडा मुरडताना दोन्ही शाफ्ट वेगवेगळ्या दिशांना जातात. एकाच जोडपत्र्यात बसवले, की साखळीची ओढ त्या पत्र्यांतल्या पत्र्यांत मिटते.

दुसरा, चक्र शाफ्टच्या उघड्या टोकाला लावू नये, दोन बेअरिंगांच्या मध्ये ठेवावे. बेअरिंगपासून ६० मिलिमीटर बाहेर लटकलेले चक्र शाफ्टला २४३ न्यूटन-मीटरने वाकवते. तेच चक्र १२० मिलिमीटर अंतरावरच्या दोन बेअरिंगांच्या बरोबर मध्ये ठेवले, तर वाकवणारा जोर १२१.५, म्हणजे नेमका निम्मा होतो. एक पैसाही अधिक न खर्चता, केवळ जागा बदलून, शाफ्टचे ओझे अर्धे होते.

तिसरा उपाय परीक्षेचा. गाडी चालवण्याआधी, इंजिन बंद ठेवून, मागची चाके पक्की अडकवावीत. लहान चक्राच्या शाफ्टला एक मीटर लांबीचा दांडा आडवा जोडावा आणि त्याच्या टोकाला १४ किलो वजन टांगावे. तरफेच्या नियमाने त्या शाफ्टवर सुमारे १३५ न्यूटन-मीटरचा पीळ येतो, आणि साखळीत तोच चारशे किलोंचा ताण उभा राहतो, जो चढणीवर यायचा आहे. आता आधारांजवळ डायल गेज लावून ते किती हलले हे पाहता येते. चक्रांवर सरळ पट्टी ठेवून ती अजून एका पातळीत आहेत का, हेही पाहता येते. जी गोष्ट एरवी मैदानात गाडी बंद पडल्यावर कळली असती, ती चौदा किलो वजनाने कार्यशाळेतच कळते.

ढील, झीज आणि जोड

साखळी ताठ बसवली की काम चोख झाले, असे पुष्कळांना वाटते. वास्तविक ताठ साखळी बेअरिंगांना विनाकारण ओढते आणि स्वतःही लवकर झिजते. खालच्या, सैल बाजूच्या मध्यावर साखळी वरखाली हलवून पाहावी. शाफ्टांतल्या अंतराच्या २ ते ४ टक्के, म्हणजे आपल्या गाडीत ७ ते १४ मिलिमीटर हालचाल असावी. लहान चक्र पुढे आणि मोठे मागे असेल, तर सायकलीप्रमाणेच वरची बाजू ओढणारी आणि खालची सैल राहते.

साखळी ताणली गेली, असे आपण म्हणतो. खरे पाहता पट्ट्या लांबत नाहीत. प्रत्येक सांध्यात खिळी आणि बुश झिजतात. एका सांध्यात झीज दशांश मिलिमीटरचीच असली, तरी सत्तर सांध्यांत ती सात मिलिमीटर होते. वाढलेल्या पिचची साखळी दात्याच्या तळाशी न बसता टोकाकडे सरकते आणि दाते आकड्यासारखे वाकडे झिजवते. म्हणून मोजमाप ठेवावे. नव्या साखळीच्या २० कड्या ३१७.५ मिलिमीटर भरतात. त्या ३२२ च्या पुढे गेल्या, म्हणजे दीड टक्का वाढल्या, की साखळी बदलावी. झिजलेल्या चक्रावर नवी साखळी चढवणे म्हणजे तिचेही आयुष्य कमी करणे.

दीड टक्क्यापर्यंत साखळी सुमारे १७ मिलिमीटर वाढते. तिला दोन बाजू असल्याने शाफ्ट त्याच्या निम्मा, म्हणजे साडेआठ मिलिमीटर सरकवावा लागतो. तेव्हा दंतपेटीच्या बोल्टांची लांबट भोके निदान दहा मिलिमीटर सरकू देणारी हवीत. ती सरकवण्यासाठी दोन्ही बाजूंना ढकलबोल्ट असावेत आणि दोन्ही सारखेच फेरे फिरवावेत. दहा मिलिमीटरच्या साध्या बोल्टचा एक फेरा दीड मिलिमीटर सरकवतो. एकीकडे दोन फेरे आणि दुसरीकडे अडीच झाले, तर शाफ्ट तिरपा झाला.

साखळीचे जोडकडीचे लॉक बसवताना त्याच्या पट्टीची बंद बाजू चालीच्या दिशेला ठेवावी. उघडी बाजू पुढे असेल, तर एखादी काटकी लागूनही ती निसटते. वंगण घालावे ते सैल बाजूला, साखळीच्या आतल्या अंगाने, म्हणजे फिरताना ते आपोआप बाहेरच्या सांध्यांत जाते. पिथमपूरची बारीक माती उघड्या तेलकट साखळीला चिकटली, की तेल आणि माती मिळून घासण्याचा लेप तयार होतो. म्हणून धुतल्यावर साखळी कोरडी करून मगच तेल द्यावे, आणि शक्य तर खिळीजवळ रबरी कडे असलेली बंदिस्त साखळी घ्यावी.

चालकाच्या पाठीमागे

आतापर्यंत साखळी न तुटण्याचा विचार केला. चांगल्या आखणीत ती तुटल्यास काय होईल, याचाही विचार असतो. सेकंदाला पाच मीटर वेगाने जाणारी किंवा चारशे किलोंच्या ताणातली साखळी तुटली, की तिचे टोक चाबकासारखे फिरते. ती साखळी चालकाच्या पाठीमागे असते. म्हणून तिच्याभोवती, विशेषतः तिच्या बाहेरच्या घेरावर, निदान दीड मिलिमीटर जाडीचे पोलादी कवच पक्क्या बोल्टांनी बसवलेले असावे. जाळी किंवा पातळ पत्रा म्हणजे कवच नव्हे. तेलाची टाकी आणि ब्रेकच्या नळ्या साखळीच्या पातळीत येऊ देऊ नयेत.

दुसरी गोष्ट ब्रेकची. मागच्या चाकांचा ब्रेक दंतपेटीच्या शाफ्टवर लावला, तर जागा वाचते आणि लहान ब्रेकही पुरतो. पण मग ब्रेकचा जोर साखळीतूनच चाकाला जातो. साखळी तुटली, की गाडीची ओढ जाते आणि त्याच क्षणी मागचा ब्रेकही जातो, तेही कदाचित चढणीच्या मध्यावर, जेथून गाडी मागे घसरू लागते. म्हणून ब्रेकची तबकडी मोठ्या चक्राच्या शाफ्टवर किंवा चाकावरच हवी. गाडी चालवणारा अवयव तुटला, तरी थांबवणारा शाबूत राहिला पाहिजे.

मित्रहो, स्पर्धेत चांगल्या संघांनी साखळी टाकून बंद दंतपेटीच वापरलेली पुष्कळदा दिसते. दंतपेटी अधिक टिकाऊ असते, हे मान्य. परंतु तिच्या आत काय चालले आहे, हे विद्यार्थ्याला दिसत नाही. साखळी स्वस्त असते, गावातल्या दुकानात मिळते, आणि तिचे सर्व काही उघड्यावर असते. आधार वाकला की ती एका कडेने चकाकते, ढील चुकली की खडखडते, झिजली की दाते वाकडे करून दाखवते. तुटण्याआधी ती पुष्कळ वेळा सांगून ठेवते. ते ऐकण्यासाठी कोणीतरी रोज वाकून पाहावे लागते, आणि जो आकडा मिळेल तो वहीत लिहावा लागतो.

आपल्यापैकी अनेकांची मुले-नातवंडे आज अभियांत्रिकी महाविद्यालयांत आहेत. त्यांच्यापैकी कोणी बग्गी बांधत असेल, तर इंजिन किती ताकदीचे आहे एवढेच विचारून थांबू नये. साखळीत ताण किती येतो, तो कोणी मोजला आणि चौदा किलोंची परीक्षा केली का, असेही त्याला विचारावे. ज्याला या प्रश्नांची उत्तरे देता येतील, त्याच्या गाडीत आपल्या मुलाने निर्धास्तपणे बसावे.